वाघांची वहिवाट

कुशाबा वाघ चारला येणार होता आणि कमलाकांत मानकर साडेतीनपासून खुर्ची सरकवत होते. आधी ती खिडकीशी होती, मग टेबलासमोर आली, शेवटी त्यांनी ती दारालगत नेऊन ठेवली. माणूस आत आला की बसेल, सही करील आणि उठेल. सॉलिसिटरच्या कचेरीत चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला पक्षकाराची खुर्ची कुठे हवी हे बरोबर कळतं.

"जावई पहिल्यांदा आला तेव्हा एवढी तयारी नव्हती," राजलक्ष्मी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"जावई सही करायला आला नव्हता."

टेबलावर दोन कागद होते. एक भाऊसाहेबांच्या मृत्युपत्राची नक्कल. भाऊसाहेब म्हणजे कमलाकांतांचे वडील. त्यांना जाऊन छत्तीस वर्षं झाली होती. कर्जतच्या पुढे डोंगराच्या खिंडीत त्यांचं जंगल होतं. तेवढी एक मिळकत त्यांनी तिन्ही मुलांच्या नावे सामाईक ठेवली, आणि खाली एक वाक्य लिहून ठेवलं: 'सदर खिंडीतून वाघांची पूर्वापार वहिवाट आहे, ती कोणी मोडू नये.'

आता एक लाकडाचा ठेकेदार ते जंगल घ्यायला तयार होता. दोन उन्हाळ्यांत सगळं तोडून कोळसा पाडायचा त्याचा बेत होता. त्याच्या वकिलाने मृत्युपत्र वाचलं आणि याच वाक्यावर बोट ठेवलं. हे वाघ कोण? त्यांचा जाण्यायेण्याचा हक्क असेल तर तो सुटल्याशिवाय माझा पक्षकार हात लावणार नाही, महिनाअखेरपर्यंत कागद साफ करा, नाहीतर आम्ही दुसरं जंगल बघतो. म्हणून कमलाकांतांनी खिंडीखालच्या वाडीतल्या वाघ घराण्याचा शोध घेतला. वाडी मुंबईच्या गिरण्यांनी केव्हाच रिकामी केली होती. कर्ता पुरुष एकच उरला होता, कुशाबा, करी रोडच्या चाळीत राहणारा, गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा. दुसरा कागद त्याच्यासाठी होता. हक्कसोडपत्र. त्याची सही झाली की तिन्ही भावंडं विक्रीचं संमतीपत्र लिहून त्यावर सह्या करणार होती.

खरं म्हणजे या वाक्यावरून मानकरांच्या घरात तीस वर्षं थट्टा चालली होती. धाकटे बंधू मनमोहन यांचं म्हणणं, भाऊसाहेबांनी वाघ लिहिलंय ते वाघच. पट्ट्यांचे, चार पायांचे. कमलाकांतांनी त्यावर एकदाच उत्तर दिलं होतं आणि ते त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की दरवर्षी ते पुन्हा देत. "वहिवाट माणसाची असते, मनू. जनावराची असते ती सवय."

मनमोहन त्या वेळी आतल्या खोलीत जमिनीवर बसून जयवंतासाठी महाराष्ट्र रंगवत होते. जयवंत कमलाकांतांचा मुलगा, वॉर्डातला संयुक्त महाराष्ट्र समितीचा कार्यकर्ता. गेल्या वर्षी त्याच्या खांद्यावर लाठी बसली होती, आणि आता निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती. संध्याकाळी नरे पार्कवर सभा होती. तिथे न्यायच्या फलकावर नकाशा हवा, आणि घरात सर्व्हेच्या कचेरीतला नकाशे काढणारा काका असताना पेंटरला कोण विचारतो.

"काका, डांग राहिलं."

"राहिलं नाही, ओलं आहे. हात लावू नकोस."

"आणि मुंबई जरा मोठी दाखवा. लांबून दिसत नाही."

"आहे तेवढीच दाखवणार," मनमोहन म्हणाले. चोपन्न वर्षांच्या या ब्रह्मचाऱ्याने आयुष्यात दोनच गोष्टींबाबत हट्ट केला होता. नकाशाचं प्रमाण ही एक. दुसरी त्यांच्या कॉटखाली पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून ठेवलेली होती. फलक वाळेपर्यंत वेळ होता. जयवंतानेच ती ओढून काढली.

"उघडू?"

"तुला हसायचं असेल तर उघड."

सर्व्हेची अकरा शीटं एकाला एक चिकटवून केलेला तो लांबलचक पट्टा खोलीत मावेना. वरचं टोक दाराबाहेर गेलं. त्यावर सगळीकडे पेन्सिलीच्या बारीक खुणा आणि तारखा होत्या. सांबर, भेकर, गवा, बिबळ्या, कोळसुंदे. पंचवीस वर्षांचे रविवार त्यात गेले होते. लोक रविवारी चौपाटीला जात तेव्हा मनमोहन एकटे डबा घेऊन कुठल्यातरी ओढ्याकाठी वाकलेले असत.

"शीट संपलं की रान संपलं असं सगळ्यांना वाटतं," ते म्हणाले. "कचेरीत मी शीटांच्या कडा जुळवायचो ना, तेव्हा लक्षात आलं. रान पुढच्या शीटवर चालूच असतं. इथून बघ, डांगापासून खाली गोव्यापर्यंत. मोठी मोठी रानं, आणि मधे हे गळे. अकरा गळे. कुठे मैलभर रुंद, कुठे अर्धा मैल. जनावर एका रानातून दुसऱ्या रानात जातं ते इथून."

"आणि गळा आवळला तर?"

"तर अलीकडचं रान बेट होईल. बेटावर जेवढी उरतील तेवढीच. बाहेरून नवा नर यायचा नाही, पाणी आटलं तर पलीकडे जायची सोय नाही. दिसायला सगळं हिरवंच दिसतं रे, पण आतून संपत जातं. शेकरू तर जमिनीवर उतरायला मागत नाही, फांदीवरूनच जाणार. दहा झाडांची ओळ पाडली की त्याचा रस्ता बंद." त्यांनी एका जागी बोट ठेवलं. तिथे कागद बोटांनी मळला होता. "माथेरानच्या बाजूचं रान हे, आणि घाटाचं रान हे. मधे दोन्हीकडे भातशेती. जोडणारी आपली खिंड."

"म्हणजे तुमचंही संयुक्त महाराष्ट्रच," जयवंत म्हणाला. "फक्त मतदार चार पायांचे."

मनमोहन हसले. पोरगा थट्टा करत होता, तरी नकाशावरून त्याने नजर काढली नव्हती, आणि असं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं. "सरकारला तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं. सूचनेची नोंद घेतली म्हणून."

"मग तुम्ही सही करू नका ना आज."

"माझ्या सहीने काय होतं? तिघांचं सामाईक आहे. दादा वाटणी मागेल, आणि ताईला तर विकायचंच आहे."

ताई स्वयंपाकघरात होती. सुमती सकाळीच माहीमहून आली होती, आणि जेवणं झाल्यावर वहिनीबरोबर पाटावर बसून सुपारी कातरत होती. मनमोहनपेक्षा ती दोन वर्षांनी मोठी. नवरा गेल्यावर दोन खोल्यांत तिने मुलगा वाढवला, आणि आता शरच्चंद्राचं लग्न ठरलं होतं.

"एक खोली दुसरीतून," ती म्हणाली. "माझ्या अंथरुणावरून गेल्याशिवाय सुनेला आत जाता येणार नाही. काय सांगू वहिनी, मुलगा तोंडाने काही बोलत नाही, पण तारीख पुढे ढकलतोय."

"पैसे हातात आले की जागा बघा. यांनी तर भाऊजींसाठीही दादरला एक खोली बघून ठेवलीय. पुढल्या वर्षी ते पेन्शनीत निघतील, इकडे जयवंताचं लग्न होईल. त्यांची खोली तेव्हा..." राजलक्ष्मीने वाक्य तिथेच सोडलं. ती वाईट बाई नव्हती. दिराला ताप आला तर रात्रभर ती उशाशी बसत असे. फक्त घरात खोल्या मोजक्या होत्या.

"त्याला विचारलंत का दादरचं?"

"भाऊजींना काय विचारायचं? ते हो म्हणतात."

सुमतीने अडकित्ता खाली ठेवला. ती सही करायला आली होती आणि ती करणारच होती, पण जेवताना मनू तिच्याकडे एकदाही न बघता जेवला होता.

कुशाबा पंधरा मिनिटं आधीच आला. कमलाकांत आत कोट चढवत होते, म्हणून मनमोहनांनी दार उघडलं. धुतलेलं धोतर, काळी टोपी, कानाच्या केसात कापसाचा एक तंतू अडकलेला. खुर्चीवर बसायला तो राजी होईना. दोघं गॅलरीतच उभे राहिले.

"वाडीला जाता का अजून?" मनमोहनांनी विचारलं.

"दिवाळीला जातो. वाघबारस असतीया ना. नारळ द्याया लागतो." कुशाबाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी त्येच ना? पत्र्याची नळी पाठीला लावून येता ते? म्हातारी सांगायची, म्हमईचा एक येडा सायेब लेंड्या उचलून बघतो."

"तोच मी."

"मंग ह्यो कागुद कशापायी, तुमीच सांगा. तुमचा मानूस म्हनला, खिंडीतल्या वाटंचं काय तरी हाय."

"भाऊसाहेबांनी लिहून ठेवलंय, खिंडीतून वाघांची वहिवाट आहे. दादा म्हणतो, ती तुमची."

"आमची?" कुशाबा म्हणाला. "आमी खिंडीतनं कशाला जाऊ? आमची वाट नदीच्या कडनं. खिंडीच्या तोंडाशी वाघोबाचा दगूड हाय. बारसंला नारळ फोडायचा न् तिथनंच मागं फिरायचं. आज्या सांगायचा, दगडाच्या पल्याड त्येंची वाट, आपुन पाय घालायचा नाय. बायाबी तिकडं लाकडाला जात नाय. तुमच्या बापाला माज्या आज्यानंच सांगितलं असंल ते."

मनमोहनांनी कठडा धरला. तीस वर्षं. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक लग्नात, पंगतीत कोणीतरी विचारायचंच, 'काय मनू, तुझा वाघ काय म्हणतो?' आणि आज वाघांच्याच घरातला माणूस समोर उभा राहून सांगत होता की तू बरोबर होतास. त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते पुसायला ते जरा रस्त्याकडे वळले.

"सांगतो की आत तसंच," कुशाबा म्हणाला. "खरं हाय ते सांगाया काय."

तेव्हा कुठे मनमोहनांच्या डोक्यात प्रकाश पडला. कुशाबाने हे आत सांगितलं की दादा हसून म्हणेल, झालं तर मग, तुमचा हक्क नाही ना, करा सही. कायद्याला चार पायांचा वाघ ठाऊक नव्हता. वहिवाट कुशाबाची असेल तरच खिंड उभी राहणार होती. ती वाघांची ठरली तर ती कोणाचीच नव्हती.

त्यांनी हे कुशाबाला सांगितलं, भराभर, हलक्या आवाजात. झाडं तोडणार, भट्ट्या लावणार, हेही सांगितलं.

"आन् दगूड?"

"ठेकेदाराला दगडाचं काय."

 कुशाबा म्हणाला, "मंग मी काय बोलू, सायेब?"

खोटं बोला, असं त्याला सांगायला मनमोहनांची जीभ रेटेना. "तुम्हाला पटेल ते बोला," ते म्हणाले, आणि आतून दादाची हाक आली.

सगळे बाहेरच्या खोलीत बसले. कमलाकांतांना कागद वाचून दाखवायला आवडत असे. या कागदात तर त्यांनी एक शब्द असा घातला होता की वकिलानेही मान डोलावली होती. "'आमच्या वाघ कुटुंबाचा सदर खिंडीतून जाण्यायेण्याचा कोणताही हक्क नाही, आणि असल्यास तो आम्ही आजपासून राजीखुशीने सोडला आहे.' बघा कुशाबा, 'असल्यास' म्हटलंय. म्हणजे वाद राहत नाही. आता तुम्ही एकदा तोंडाने सांगा, तुमची माणसं कधी त्या खिंडीतून जात होती?"

कुशाबाने टोपी काढली, पुन्हा घातली. तो तोंड उघडणार इतक्यात मनमोहन बोलले.

"जात होती, दादा. माझं चुकलं."

राजलक्ष्मीचा चहाचा ट्रे दारातच थांबला.

"काय चुकलं?"

"वाघ म्हणजे हीच माणसं. तू म्हणत होतास तेच बरोबर होतं. भाऊसाहेबांनी मला शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं. कुशाबाच्या आजोबांना त्यांनी शब्द दिला होता, वाट मोडणार नाही म्हणून. त्यासाठी ते वाक्य घातलं."

"मग तीस वर्षं हे वाघ, पंजे, पट्टे काय चाललं होतं?"

"थट्टा होती."

"तीस वर्षं थट्टा?"

"तुम्ही हसत होता," मनमोहन म्हणाले. "मला बरं वाटायचं."

कमलाकांतांनी कुशाबाकडे पाहिलं. कुशाबा मनमोहनांकडे पाहत होता.  "आमची वाट हाय ती," तो म्हणाला. "वापरात हाय. सोडीत नाय मी."

"वाडीत आता राहतं कोण तुमचं?"

"जातो की आमी. दिवाळीला."

इतक्या वर्षांच्या कचेरीत कमलाकांतांनी पुष्कळ साक्षीदार पाहिले होते. इथे काहीतरी शिजलं आहे हे त्यांना कळत होतं, पण वास कुठून येतोय ते कळेना. एक माणूस स्वतःचाच हट्ट खोटा पाडत होता, आणि असा साक्षीदार फोडायचा कसा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते बहिणीकडे वळले.

"सुमे, तुला माहीत होतं हे? भाऊसाहेब तुझ्याशी बोलायचे."

सुमतीला त्या क्षणी काही ऐकू आलं नाही. ती दहा वर्षांची होती, मनू आठ वर्षांचा. दादाची परीक्षा होती म्हणून भाऊसाहेबांनी दोघांनाच खिंडीत नेलं होतं. चिखलात पंजे उमटलेले होते, तिच्या दोन्ही हातांएवढे, पाणी अजून त्यांत भरत होतं. भाऊसाहेबांनी छत्रीच्या टोकाने एका पंजाभोवती वर्तुळ काढलं आणि म्हणाले, ही वाट यांची, विचारून जायचं. म्हणून तिने त्या रिकाम्या खिंडीत तोंडाशी हात धरून मोठ्याने विचारलं होतं, "येऊ का?" पलीकडून तिचाच आवाज परत आला आणि मनू घाबरून भाऊसाहेबांच्या धोतराला बिलगला. पुढे नवरा गेला तेव्हाही, रात्री झोप येईना म्हणून तिने हा दिवस कितीदा तरी आठवला होता.

वाघ खरेच होते, एवढं एक वाक्य बोललं की पुरे होतं. शरच्चंद्राला जागा मिळाली असती, सून अंथरुणावरून न जाता घरात आली असती. मनू खाली मान घालून बसला होता. दादरची खोलीही गेली हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

"मी तेव्हा सासरी होते," ती म्हणाली. "मला काय ठाऊक."

चहा झाला. कमलाकांतांनी हक्कसोडपत्राची नीट घडी घातली आणि ठेकेदाराला सोमवारी कळवतो म्हणाले. ते रागावले नव्हते, ते थकले होते. "तुझ्यासाठीच करत होतो रे यातलं निम्मं," एवढंच ते मनमोहनांना म्हणाले. राजलक्ष्मी कपबशा उचलत म्हणाली, "निदान वाघाचं कोडं तरी सुटलं. भाऊजी, आता दिवाळीला तुम्हाला काय विचारायचं?" आणि तिला स्वतःलाच हसू आलं नाही.

जयवंताने फलक खांद्यावर घेतला. त्याचं दुसरं टोक कुशाबाने धरलं, कारण त्यालाही नरे पार्कलाच जायचं होतं. जाताना पोरगा काकांजवळ थांबला. "मला वाटलं होतं तुम्हाला खरंच तसं वाटतं," तो म्हणाला. आवाजात फसवलं गेल्याचा राग होता. मनमोहनांनी त्याला सांगायला तोंड उघडलं, आणि दादा पाठीशी उभा आहे हे पाहून फलकाची दोरी नीट बांधून दिली. कुशाबाने एकदा मागे वळून पाहिलं आणि तो जिना उतरला.

सुमती निघाली तेव्हा मनमोहन तिला पोचवायला खाली आले. वळणावर ती थांबली. मनू दोन पायऱ्या खाली होता, त्यामुळे त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं होतं.

"मनू, मी काही बोलले नाही."

"हो."

"बोलणारही नाही. जागेचं काय ते मी बघेन." तिने आवाज खाली आणला. "पण मला एक सांग. मी 'येऊ का' म्हणून ओरडले होते. तू होतास ना तिथे? तू तर केवढा घाबरला होतास."

मनमोहनांना सगळं आठवत होतं. छत्रीचं पितळी टोकसुद्धा. बोलायला त्यांनी मान वर केली, आणि तिच्या खांद्यावरून त्यांना वरच्या दारात दादा दिसला. हातात तिने विसरलेली पिशवी, आणि कान इकडे.

"कधीची गोष्ट?" ते म्हणाले. "मला नाही आठवत, ताई."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग दादाने वरून हाक मारून पिशवी दिली, ती मनमोहनांनी आणून तिच्या हातात ठेवली, आणि ती "येते" म्हणून उतरू लागली. खाली रस्त्यावर समितीची पोरं घोषणा देत चालली होती. तिने कठड्याला हात लावला नाही. भाऊसाहेब जाऊन छत्तीस वर्षं झाली होती, आणि तो दिवस आठवणाऱ्यांतून आज मनूही गेला. आता त्या दिवशी खिंडीत ती एकटीच गेली होती.